डाव्या चाकाची फिर्याद

माझ्या मोटारीचे पुढले डावे चाक दोन वर्षांत तिसऱ्यांदा गुणगुणू लागले, तेव्हा अपराधी कोण याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. अपराधी होता चिंचपाड्याचा आमचा तरुण मिस्त्री. निकाल मी देऊन टाकला होता. उरला होता तो पुरावा गोळा करण्याचा उपचार.

चाकाच्या या गुणगुणण्याकडे प्रथम कोणी लक्ष देत नाही. रस्ता खडबडीत असेल, टायर झिजले असतील, अशी आपण स्वतःची समजूत घालतो. पण हा आवाज मोठा चिवट असतो. ताशी चाळीस किलोमीटरला तो भुंग्यासारखा असतो, साठाला त्याची घरघर होते. इंजिनाचा म्हणावा, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर गिअर काढून गाडी नुसती वाहू दिली तरी तो हटत नाही. त्याचा खरा ठाव मला कोंडाईबारीच्या घाटात लागला. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या अंगावर कलतो, तेव्हा घरघर वाढे. डाव्या वळणावर ती दबे. घरी येऊन चाक जॅकवर उचलले, वरखाली हलवून पाहिले, तो किंचित खुळखुळ लागली. मग एका हाताने चाक फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. वैद्याच्या बोटांना नाडी लागावी तशी ती बारीक थरथर हाताला लागली. बेअरिंग गेले होते.

वस्तू पाहावी तर किती साधी! दोन पोलादी कडी, त्यांच्यामध्ये गोळ्यांच्या दोन ओळी, थोडे ग्रीस, आणि ते आत राहावे म्हणून दोन्ही अंगांना रबरी ओठ. गाडीच्या कण्यावर चाक गोळ्यांच्या आधाराने फिरवण्याची कल्पना वेल्समधील फिलिप व्हॉन याने १७९४ साली पेटंट करून घेतली. आमच्या शेतकऱ्याचे बैलगाडीचे चाक मात्र नुसत्या वंगणावर फिरत आले, आणि ते कुरकुरू लागले की तो आधी स्वतःलाच विचारी, वंगण केव्हा घातले होते? मोटारवाल्याला बंद डब्यातले बेअरिंग मिळाले आणि स्वतःला प्रश्न विचारण्याची त्याची सवय सुटली.

माझे पहिले बेअरिंग नव्वद हजार किलोमीटर चालले. ते वार्धक्याने गेले असे म्हणता येईल. दुसरे अकरा हजारांत आटोपले, तिसरे आठ हजारांत. उजवे चाक मात्र इतकी वर्षे मूग गिळून बसलेले! तेव्हा माल नकली, किंवा बसवण्यात खोट. दुसऱ्या वेळीच मी स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात चार माणसांत हे बोललो होतो. ‘नकली माल लावतो’ हे तीनच शब्द. पण लहान गावात एवढे शब्द पुष्कळ दूर जातात.

या खेपेस मी जरा अभ्यासही केला. योहान आउगुस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली धातूचा कठीणपणा मोजण्याची रीत जगापुढे मांडली. पोलादी गोळी धातूवर दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. बेअरिंग बसवताना हातोडी चालवली, तर त्याच्या गोळ्याही कड्यावर समान अंतराने असेच खळगे पाडतात, आणि त्यांनाही ब्रिनेलचेच नाव चिकटले आहे. एवढे शस्त्र हाती आल्यावर मी मिस्त्रीकडे गेलो आणि बेअरिंग माझ्यासमोर कापायला लावले. कड्यावर, गोळ्यांच्या अंतराने, एकामागून एक खुणा!

“हातोडी मारलीस ना?” मी म्हणालो.

तो चिडला नाही. त्याने एका डब्यातून मागचे कापलेले बेअरिंग काढून शेजारी ठेवले. तेही त्याने जपून ठेवले होते. मग भिंग माझ्या हाती दिले. “सर, मी प्रेसवर बसवतो, बाहेरच्या कड्यावर दाब देऊन. ठोकल्याचा खळगा चकचकीत असतो, त्याच्या तळाशी मूळ घासणीच्या रेघा दिसतात. इथे रेघाच खाल्ल्या गेल्यात. कडा तांबूस आहेत. हा गंज आहे.” त्याने बोटावर थोडे ग्रीस घेतले. ते दह्यासारखे पांढरे झाले होते. नंतर त्याने एकच प्रश्न केला, “सर, तुम्ही गाडी धुता कुठे?”

मी गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी माझे काम धुळ्यास गेले. तेव्हापासून शनिवारी दुपारी निघायचे, घाट उतरायचा, विसरवाडी मागे टाकायची आणि घरी जाण्यापूर्वी गावाजवळच्या ओढ्यावर गाडी धुवायची, असा माझा परिपाठ पडला होता. काठ उतरता, तेव्हा गाडीचे तोंड तिरपे खाली करून मी ती पाण्यात उभी करी. पुढले डावे चाक तुंब्यापर्यंत बुडे, उजवे कोरड्या वाळूवर राही. बैल धुतल्याचे समाधान मला त्यात वाटे.

घाटात ब्रेक तापतात, आणि त्यांच्या संगतीने चाकाचा तुंबाही. तो एकाएकी पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि रबरी ओठांतून पाणी आत ओढून घेते. तापवलेली लोखंडी धाव बैलगाडीच्या चाकावर चढवून वर पाणी ओततात. थंड होताना ती आकसून चाक आवळते. लहानपणी मी ते तासन्‌तास पाहिले आहे. नियम तोच, पण आठवला नाही. ज्या देशांत लोक मोटारीमागच्या गाड्यावरून नावा पाण्यात सोडतात, तिथे तुंबे निवेपर्यंत थांबा, अशी ताकीद नवख्याला आधी मिळते. माझी गाडी तर धुतल्यावर सोमवारपर्यंत जागची हलत नसे. गोळ्या जिथल्या तिथे, पाणी त्यांच्या भोवती, आणि प्रत्येकीखाली गंजाची एक खूण.

त्याच संध्याकाळी मी चहाच्या दुकानात जाऊन सारे सांगितले. आरोप ऐकताना जमलेली माणसे या वेळी तितकी जमली नाहीत. एकाने एवढेच म्हटले, “असेल, पण आम्ही आता नवापूरलाच जातो. तिकडे सवय झाली.” त्यावर मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने नवे बेअरिंग आणले. खोके फोडण्यापूर्वी ते माझ्या हाती दिले आणि त्यावरची छापील अक्षरे, क्रमांक, मोहोर नीट पाहून घ्या म्हणाला. मी न पाहताच परत करू लागलो, तर त्याने घेतले नाही. मला वाटले, हा टोमणा माझ्यासाठी असावा. पण त्याच्या हाताखालचा पोरगा पाना पुसता पुसता म्हणाला, “बघा ना सर. आता दादा सगळ्यांनाच दाखवतो.”