साडेपंधरा क्विंटलचा फोन

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी. रिलीज होती, मग रिलीजमधले बग होते, मग बगमधल्या रिलीज होत्या. आज वेळ आहे, चहा आहे आणि डोक्यात एक विषय बरेच दिवस घोळतोय. नवा फोन घ्यावा का?

हा प्रश्न आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात दर सप्टेंबरला येतो. पितृपंधरवडा चुकेल एक वेळ, पण हा नाही. २०२५ मध्येही तो ठरल्याप्रमाणे आला. ९ सप्टेंबरला रात्री आयफोन १७ जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर डबे उघडण्याआधी चर्चा उघडली. आमच्यात एक आकडेबाज आहे. त्याचं म्हणणं, किंमत ८२,९००, म्हणजे आधीच्या १६ पेक्षा ३,००० जास्त, पण स्टोरेज १२८ च्या जागी २५६ जीबी. म्हणजे खरं तर स्वस्तच झाला! एक काटकसरी आहे. तो म्हणाला, अरे मग १६ च घ्या ना, तो दहा हजारांनी उतरलाय. तिसरा कट्टर अँड्रॉइडवाला. "ज्या १२० हर्ट्झच्या स्क्रीनसाठी तुम्ही टाळ्या वाजवताय, ती २०२० मध्येच पंधरा-वीस हजारांच्या फोनात होती," हे वाक्य त्याने भाजी वाढून घ्यावी तसं तीन वेळा घेतलं.

मी काय म्हणालो? मी गप्प होतो, कारण माझं ठरलं होतं. २०२२ साली घेतलेला माझा अँड्रॉइड फोन "स्लो झालाय" असं मी दोन महिने सगळ्यांना सांगत होतो, स्वतःलासुद्धा. २४ महिन्यांचा हप्ता काढला तर महिन्याला साडेतीन हजारांच्या आतच बसत होता. आणि माझ्याकडे एक असं कारण होतं की त्यापुढे आकडेबाजही गप्प बसला असता. माझा जुना फोन आप्पांना होईल!

बघा, म्हणजे मी चैन करत नव्हतोच. मी तर वडिलांना फोन देत होतो.

आप्पा मुरुमला असतात. हो, मुरुम. रस्त्यावर टाकतात तो मुरूम नाही आणि तोंडावर येतो तोही नाही. हे दोन्ही विनोद कॉलेजात पहिल्याच आठवड्यात होऊन गेलेत, त्यामुळे नवीन असेल तरच सांगा :-) धाराशिव जिल्हा, उमरगा तालुका, पलीकडे थोडं गेलं की कर्नाटक. बाजारात निम्मी बोलणी कानडीत होतात आणि उरलेल्या निम्म्यात मराठी-कानडी एकत्र. आमची शेती दोन गटांत, दोन्हीकडे सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी.

आप्पांकडचा फोनही माझाच. २०१९ मध्ये पहिल्या पगारातून घेतलेला. तीन वर्षं मी वापरला, २०२२ मध्ये नवा घेतला तेव्हा तो त्यांना "दिला". तेव्हाही मला फार उदार वाटलं होतं.

१२ सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला बुकिंग सुरू झालं. मी फोन कार्टमध्ये टाकला, पण पैसे भरले नाहीत. रात्री गावी निघायचं होतं. म्हटलं, हैदराबादच्या गाडीत बसल्यावर निवांत भरू. गाडीत बसलो आणि सोलापूर येईपर्यंत झोपलो. सकाळी उमरग्याला उतरलो तर आप्पा मोटरसायकल घेऊन उभे, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, कारण पाऊस. त्यांनी बॅग घेतली आणि पहिला प्रश्न केला, "तुला ते पीक पाहणीचं जमतंय का रे? उद्या शेवटचं हाय म्हणायलेत."

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पूर्वी कुठल्या शेतात कुठलं पीक आहे याची नोंद तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात जायचं, ॲपमध्ये गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, उभ्या पिकाचा फोटो काढायचा. फोन जीपीएसवरून तुम्ही कुठे उभे आहात ते टिपतो, त्यामुळे घरी ओसरीत बसून हे होत नाही. मग ती नोंद सातबाऱ्यावर येते. आणि सातबाऱ्यावर सोयाबीन नसेल तर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नाव नोंदवताना अडतं. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसासाठी सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर केली, तेव्हा सुरुवातीला याच ॲपमधल्या नोंदीची अट होती. ती पुढे सैल केली, पण गावात सगळ्यांना धडा मिळाला. फोटो नाही तर पीक नाही.

म्हणजे माझ्या फोनात कॅमेरा असतो तो पोह्यांचे फोटो काढायला, आणि आप्पांच्या फोनात तो सरकारदरबारी आपण पेरलंय हे सांगायला.

आम्ही शेतात गेलो. पाऊस थांबला होता आणि लख्ख ऊन पडलं होतं. सोयाबीन शेंगांनी भरलेलं, पण सखल भागात पाणी साचलेलं. आप्पांनी फोन काढला. बॅटरी ३८ टक्के. उन्हात स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसेना. ब्राइटनेस पूर्ण केला. जीपीएसला आपण कुठे आहोत हे शोधायला पाच मिनिटं लागली. ("मला इचारा की म्हणावं, मी सांगतो कुठं हाय ते," इति आप्पा.) शेवटी कॅमेरा उघडला आणि फोन बंद! ३८ टक्क्यांवर. पुन्हा चालू केला, पुन्हा कॅमेरा, पुन्हा बंद.

"दोन दिवस झालं असंच करायलंय," आप्पा म्हणाले. "मला वाटलं माझंच काय तरी चुकायलंय."

मला चिखलात उभ्या उभ्या कसंतरी झालं. कारण चूक काय आहे हे मला नेमकं माहीत होतं.

लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते तेव्हा तिची साठवण कमी होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिचा अंतर्गत रोधही वाढतो, हे आपण विसरतो. साधं फोनवर बोलत असाल तर ती चालते. पण पूर्ण ब्राइटनेस, जीपीएस आणि कॅमेरा एकदम चालू केलेत की फोन एका क्षणी खूप करंट मागतो, बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. टक्के मग ३८ असोत की ५०. ॲपलच्या जुन्या आयफोनांना हेच होत होतं. त्यावर उपाय म्हणून कंपनी सॉफ्टवेअरने फोन मंद करत होती. डिसेंबर २०१७ मध्ये तिने ते कबूल केलं, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. भारतात तो ६,५०० वरून २,००० झाला. गंमत पुढे आहे. जानेवारी २०१९ मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं, त्यात लोक नवे आयफोन कमी घेतायत याच्या कारणांमध्ये स्वस्तात बदलून मिळालेली बॅटरी हेही एक कारण होतं. म्हणजे कित्येकांना नवा फोन नकोच होता हो. नवी बॅटरी हवी होती!

हे सगळं मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दोनदा तरी सांगितलंय, हातवारे करून. पण आप्पांना फोन देताना ७००-८०० रुपयांची बॅटरी बदलून द्यावी, हे मला सुचलं नव्हतं. तीन वर्षं रोज रात्री चार्जिंगला लावून मी तिचा सगळा रस काढला आणि चोथा गावी पाठवला. वर त्या फोनची सिक्युरिटी अपडेट्स ज्या वर्षी संपली, त्याच वर्षी तो त्यांच्याकडे गेला. ते त्यावर खताचे पैसे यूपीआयने देतात.

असो. वेळ नव्हता. एका मोबाईलवरून बाकीच्या खातेदारांचीही नोंद करता येते, म्हणून मी माझा फोन काढला. तोच, दोन महिने बदनाम केलेला. पहिल्या गटाची नोंद झाली. मग दुसऱ्या गटाची. आम्हाला बघून शेजारच्या बांधावरचे काका आले, त्यांचं केलं. मग त्यांच्या भावाचं. चार नोंदी, भर उन्हात, बॅटरी ७१ वरून ५४. एकदाही अडकला नाही. मी "स्लो झालाय" म्हणायचो म्हणजे नक्की काय, ते मला आठवेना. बहुतेक लिफ्टमध्ये एक रील उशिरा उघडलं होतं.

(ती मुदत पुढे वाढवून दिली. तोवर जिल्ह्यात पाऊस असा कोसळला की भूम-परांड्याकडे गावंच्या गावं पाण्यात गेली. आमच्याकडे तेवढं नाही, पण सखल भाग गेला तो गेलाच. नोंद आधी झाली होती, एवढंच समाधान.)

परत येताना आप्पांनी विचारलं, "तू नवं घ्यायलास म्हणं. आई सांगायली. कितीला हाय?"

मी सांगितलं. आप्पा थोडा वेळ गप्प. ते बिल गेट्सपेक्षा वेगात तोंडी हिशोब करतात, पण रुपयांत नाही.

"साडेपंधरा क्विंटल झालं की रे हे. हमीभावानं."

मी मागे बसून कॅल्क्युलेटर काढला. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८. भागिले. १५.५६. बाजारात तो भाव मिळतच नव्हता, तो भाग वेगळा. चांगल्या वर्षी आमच्या दोन एकरांचं सगळं पीक, त्यातून बी, खत, फवारणी, काढणी काहीही वजा न करता.

"आणि करतंय काय ते?" आप्पांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं. मी १२० हर्ट्झ समजावून सांगायला सुरुवात केली आणि पहिल्या खड्ड्यात थांबलो.

संध्याकाळी आम्ही गावातल्या मोबाईलच्या दुकानात गेलो. मी मनात याद्या केल्या होत्या. प्रोसेसर, रॅम, कॅमेरा. दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरखालचा ड्रॉवर उघडला. आत कॉम्बो, म्हणजे टचसकट डिस्प्ले, चार्जिंग पिना, बॅटऱ्या, प्रत्येकावर पेनने मॉडेलचं नाव. म्हणाला, "ह्यातलं कोणतं बी मॉडेल घ्या. शेतात पडलं तर दुसऱ्या दिवशी हातात देतो. तुम्ही सांगायलाव त्याचा कॉम्बो सोलापूरहून मागवावा लागतंय, आठ दिवस."

एवढा सरळ निकष मी एकाही रिव्ह्यूमध्ये वाचलेला नाही. युरोपात जून २०२५ पासून कायदाच आलाय. फोनचे सुटे भाग मॉडेल बाजारातून गेल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत, ८०० वेळा चार्ज करूनही बॅटरीत ८० टक्के दम राहिला पाहिजे. आपल्याकडे ते काम तूर्त त्या ड्रॉवरवर चाललंय. आम्ही ड्रॉवरमधलाच एक घेतला, साडेचौदा हजारांचा. आप्पांनी तो दुकानाबाहेर नेऊन मावळतीच्या उन्हात धरून बघितला, रिंगटोन पूर्ण मोठा करून ऐकला आणि अपडेट किती वर्षं येणार हे मी विचारल्यावर "बरं इचारलास" म्हणाले. पैसे मी दिले. कार्ट रिकामी केली. पुण्यात येऊन माझ्या फोनची बॅटरी बदलली, अडीच हजारांत.

सोमवारी टेबलावर विचारणा झाली. "घेतलास का?" "घेतला." "कोणता?" मी सांगितला. तिघांनी एकदम विचारलं, "का??" मी ड्रॉवरची गोष्ट सांगितली. आकडेबाज म्हणाला, तो डेटा पॉइंट आहे, पण स्केल होत नाही. बाकी चर्चा सुरू राहिली. त्यातल्या दोघांनी १७ घेतला आणि फोन झकास आहे, खोटं कशाला बोलू.

इथे लेख संपायला हवा होता. मी शहाणा झालो, आप्पांना नवा फोन मिळाला, टाळ्या.

पण गेल्या रविवारी घरी व्हिडिओ कॉल केला तर आईने उचलला. आईकडे इतकी वर्षं बटणांचा फोन होता. म्हटलं हा कुठला? म्हणाली, "तुमचंच की. आप्पांचं जुनं. बॅटरी घातली दुकानात, बरं चालतंय आता."

माझा २०१९ चा फोन. आधी मी, मग आप्पा, आता आई. सहा वर्षांचा, अपडेट संपलेला. रांगेत तिचा नंबर शेवटचा, आणि शेताच्या बांधावरसुद्धा मला तिची आठवण झाली नव्हती.

मी म्हटलं, "तुला नवा घेऊ. कसला पाहिजे?"

"मला कशाला नवं?" हे अपेक्षितच होतं. मग थोडं थांबून म्हणाली, "ह्याच्यात तुझा आवाज लई बारीक येतंय. कानाला लावलं तर काहीच कळंना. तेवढं बघ आल्यावर."

कानाला लावायचा स्पीकर. वरच्या कडेची ती बारीक जाळी. ती बहुतेक सहा वर्षांच्या धुळीने बुजलीय, त्यातली तीन वर्षं हिंजवडीची आणि तीन शेतातली. जुन्या मऊ टूथब्रशने, कोरड्या, हलक्या हाताने पाच मिनिटांत साफ होते. एक पैसा लागत नाही.

पुढच्या शुक्रवारी रात्रीची गाडी बुक केलीय. ब्रश बॅगेत टाकलाय.