आवड नेमकी कुणाची?

परवा आजीने विचारलं, "हे गाणं तुला आवडतं, की मोबाईल सारखं वाजवतो म्हणून आवडतं?" मला उत्तर सुचलं नाही.

आजीच्या लहानपणी, १९५२च्या सुमारास, आकाशवाणीने फिल्मी गाणी जवळपास बंद केली. लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावला. तिथल्या 'बिनाका गीतमाला'त गाण्यांचा क्रम रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांवरून ठरायचा. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली.

कंपन्या गाणी पुढे करणारच; पण तेव्हा रेडिओचा काटा फिरवणारा हात ऐकणाऱ्याचा होता. मी मात्र पुढचं गाणं आपोआप लागू देते.

काल ऑटोप्ले बंद केलं आणि म्हटलं, "आजी, आता तू सांग, कुठलं लावू?"