ताबापत्रावरची तारीख

नव्या इमारतीच्या गिलाव्याला पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढ्या भेगा पडतात. सिमेंट सुकताना आकसते, वीट आणि काँक्रीट उन्हात कमीजास्त फुगतात, त्यामुळे भिंतीवर जाळी उमटते. ती दिसायला वाईट, पण निरुपद्रवी असते. धोक्याची भेग वेगळी ओळखता येते. बीम जिथे कॉलमला मिळतो तिथे तिरकी गेलेली, स्लॅबच्या पोटाखाली सळईच्या रेषेतच सरळ धावणारी, किंवा कडेला तांबूस डाग सोडणारी भेग आतली सळई गंजत असल्याचे सांगते. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून तो भोवतालचे काँक्रीट आतून ढकलून फोडतो. तिथे हातोडीने हलके ठोकले तर खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज येतो.

या दुखण्याची कारणे बहुधा बांधकामाच्या काळातच रुजलेली असतात: सळईवर काँक्रीटचे आवरण कमी ठेवलेले, पाणी जास्त घातलेले, खाडीची रेती न धुता वापरलेली, किंवा कालवण्यासाठी मचूळ पाणी घेतलेले. रेतीतले आणि पाण्यातले क्लोराइड सळईला आतून खाते. आवरण निकामी झाले आहे का, हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. निरोगी भाग क्षणात गुलाबी होतो, हवेतील कार्बन डायऑक्साइडने निकामी झालेला भाग रंगच घेत नाही. अभियंता त्या बिनरंगी पट्ट्याची खोली पट्टीने मोजतो. ती सळईपर्यंत पोचली असेल तर संरक्षण संपलेले असते. क्लोराइडचे प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच कळते.

महाडच्या काजळपुऱ्यातील पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून १६ जण दगावले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. विरारमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळलेल्या अनधिकृत इमारतीत १७ जणांचा बळी गेला, तीही तिशीच्या बरीच अलीकडची. महापालिका कायद्यांतील सक्तीच्या संरचना तपासणीची अट मात्र तीस वर्षांवरील इमारतींना लागू होते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. म्हणजे पहिली पंधरा वर्षे इमारतीकडे सक्तीने पाहणारे कोणीच नाही. त्या काळात रहिवाशांच्या हातात उरते ती बिल्डरची कायदेशीर जबाबदारी, आणि तिला मुदत आहे.

रेरा कायद्याच्या, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४(३) मध्ये ही जबाबदारी सांगितली आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतला दोष, अथवा कारागिरी, दर्जा किंवा सेवांमधला दोष विकासकाच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दूर करायचा. न केल्यास सदनिकाधारक भरपाईस पात्र ठरतो. या कलमातला ‘निदर्शनास आणला’ हा शब्दप्रयोग फार महत्त्वाचा आहे. पाच वर्षांच्या आत तक्रारअर्ज दाखल झाला पाहिजे असे कलम म्हणत नाही, दोष कळवला पाहिजे असे म्हणते. कळवल्याचा पुरावा नसेल तर मात्र हा फरक काही कामाचा नाही, आणि नेमके तिथेच बहुतेक संस्था घसरतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेले फोटो किंवा साइट सुपरवायझरला केलेले फोन म्हणजे नोटीस नव्हे. विकासकाच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचदेय डाकेने गेलेले, दोषाची जागा आणि स्वरूप सांगणारे, अभियंत्याचा अहवाल जोडलेले पत्र म्हणजे नोटीस. त्याची प्रत ई-मेलनेही पाठवलेली बरी.

अहवालाआधी दुरुस्ती करणे ही दुसरी नेहमीची चूक. पावसाळ्यात छत गळू लागले की कमिटी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावते, तो केमिकल मारून वरून नवा गिलावा करून देतो, आणि दोन महिन्यांनी वकिलाकडे जाताना दाखवायला काही उरलेले नसते. गिलाव्याखाली झाकली गेलेली भेग न्यायाधिकाऱ्याला दिसत नाही. तातडीचे टेकू देणे, पोपडे आलेला भाग उतरवणे आवश्यकच असते, पण त्याआधी तारखेसह छायाचित्रे, भेगेवर चिकटवलेल्या काचपट्टीची नोंद आणि परवानाधारक संरचना अभियंत्याच्या चाचण्या होऊन गेलेल्या असाव्यात. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक पल्स या चाचण्यांनी वरवरचा अंदाज येतो. वाद न्यायालयात टिकवायचा तर गोल नमुना कापून केलेली कोअर चाचणी हवी. या खर्चाला सर्वसाधारण सभेचा ठराव घेतलेला असला की पुढे ‘संस्थेला अधिकार कोणी दिला’ हा बचाव उरत नाही.

विकासकाचे उत्तर बहुधा ठरलेले असते: रहिवाशांनी भिंती पाडल्या, बाल्कनी आत घेतल्या, फरशी उखडून नवी बसवली, म्हणून दोष त्यांचा. हा बचाव काही ठिकाणी खराही असतो. म्हणून अहवालात दोष किती मजल्यांवर आणि किती सदनिकांत आहे, हे आले पाहिजे. ज्या घरात एक खिळाही नव्याने ठोकलेला नाही तिथेही तीच भेग असेल तर बचाव गळून पडतो. करारनाम्यातच दोषाची जबाबदारी छाटणारे कलम घालण्याची पद्धत होती. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, डिसेंबर २०२२ मध्ये दोषदायित्वाचे कलम बदलता येणार नाही, असे स्पष्ट केले. अभिहस्तांतरण झाले, म्हणजे जमीन-इमारत संस्थेच्या नावे झाली, म्हणून ही जबाबदारी संपत नाही, हे रेराच्या कलम ११ मध्येच आहे. पुनर्विक्रीत घर घेणाराही कायद्याच्या व्याख्येत बसतो. भाडेकरू बसत नाही.

महारेरात दोन वेगळे दरवाजे आहेत आणि चुकीचे दार ठोठावल्यास वर्ष-दीड वर्ष सहज जाते. दुरुस्ती करून द्या असा आदेश, परतावा आणि व्याज हे प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. भरपाईची रक्कम न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये ही विभागणी स्पष्ट केली. एकेकटा सदनिकाधारक तक्रार करू शकतो, तसा संस्थेलाही अधिकार आहे. सामाईक कॉलम-बीमचा दोष असेल तर संस्थेनेच जावे, कारण सातव्या मजल्यावरच्या एकाच्या तक्रारीवर संपूर्ण इमारतीच्या दुरुस्तीचा आदेश मिळवणे अवघड. निकालाविरुद्ध अपील करण्यासाठी साठ दिवस असतात, आणि विकासकाला अपिलाआधी सदनिकाधारकाला देय असलेली पूर्ण रक्कम व्याजासह भरावी लागते. ही अट सदनिकाधारकाच्या फार उपयोगाची आहे. कच्चा दुवा वसुलीत आहे. थकलेली रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होते, आणि वॉरंट निघाल्यावरही जप्तीयोग्य मालमत्ता शोधून देण्याचे काम प्रत्यक्षात तक्रारदारालाच करावे लागते.

प्रकल्पाला रेरा लागू नसेल, उदाहरणार्थ कायदा पूर्ण लागू होण्याच्या म्हणजे १ मे २०१७ च्या आधीच पूर्णत्वाचा दाखला मिळाला असेल, किंवा पाच वर्षे उलटून गेली असतील, तर ग्राहक आयोगाचा मार्ग राहतो. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच ठरवले. रेरा आल्याने ग्राहक कायद्याचा अधिकार गेला नाही, हे २०२० च्या इम्पीरिया निकालाने पक्के केले. करारात लवादाचे कलम असले तरी आयोगाचे दार बंद होत नाही. दोनांपैकी एक मार्ग निवडावा लागतो. त्याच मागणीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही. कोणत्या आयोगाकडे जायचे ते घरासाठी मोजलेल्या किमतीवर ठरते: ५० लाखांपर्यंत जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय.

ग्राहक कायद्यातली मुदत दोन वर्षांची, तीही वादाचे कारण घडल्यापासून. ते कारण ताब्याच्या दिवशी घडले की दोष उघड झाला त्या दिवशी, यावर विकासकाचे वकील हटकून भांडतात. उशीर सकारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो. मुंबईच्या समृद्धी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणे ही चालू राहणारी चूक मानली आणि मुदतीचा आक्षेप फेटाळला. हा निकाल बांधकामाच्या दोषावरचा नाही, पण ज्या इमारतीत दोषही आहे आणि भोगवटा प्रमाणपत्रही नाही, अशा असंख्य संस्थांना तो उपयोगी आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी, कायद्यातही ताब्यापासून तीन वर्षांत अधीक्षक अभियंता दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दोषाचा वाद नेण्याची तरतूद आहे, पण तिचा आधार आता क्वचितच घेतला जातो.

महापालिकेची नोटीस ही दुधारी वस्तू आहे. मुंबईत १८८८ च्या कायद्याचे कलम ३५४ आणि इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्याचे कलम २६४ धोकादायक इमारतीसाठी वापरले जाते. इमारत ‘सी-१’ ठरली तर ती तत्काळ रिकामी करून पाडायची, ‘सी-२ए’ असेल तर रिकामी करून मोठी दुरुस्ती, ‘सी-२बी’ असेल तर न हलता संरचनात्मक दुरुस्ती, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ. नोटीस राहणाऱ्यावर आणि मालकावर निघते, बिल्डरचे नाव तिच्यात नसते. पाणी आणि वीज तोडली जाते, गृहकर्जाचा हप्ता चालूच राहतो आणि त्यात भाड्याची भर पडते. तरीही ‘सी-१’ची नोटीस लपवणे किंवा विरोधी अहवाल आणून वेळ काढणे यांत जिवाचा सौदा आहे. तिची प्रमाणित प्रत रेरा किंवा आयोगापुढे सर्वांत वजनदार पुरावा ठरते, इतके लक्षात ठेवून घर सोडावे. अहवाल खरोखरच परस्परविरोधी असतील तर मुंबईत पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे दाद मागता येते.

भाडे कोणी द्यायचे, हा प्रश्न अलीकडे दोन उच्च न्यायालयांनी रहिवाशांच्या बाजूने सोडवला. दिल्लीच्या मुखर्जीनगरमधील सिग्नेचर व्ह्यू ही ३३६ सदनिकांची वसाहत दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधली होती. आयआयटीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पाडकामाला वाट मोकळी केली आणि पुनर्बांधणी होईपर्यंत मोठ्या सदनिकेला महिना ५० हजार, मध्यम सदनिकेला ३८ हजार भाडे प्राधिकरणाने द्यावे असे सांगितले. कोचीतील चंदर कुंज वसाहतीचे दोन मनोरे पाडून पुन्हा बांधून देण्याचा आणि तोवर भाडे देण्याचा आदेश केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. ते सैन्य कल्याण गृहनिर्माण संघटनेने माजी आणि कार्यरत सैनिकांसाठी बांधले होते. दोन्हीकडे बांधणारी संस्था सार्वजनिक स्वरूपाची होती, म्हणून रिट याचिका चालली. म्हाडा आणि सिडकोच्या घरमालकांनाही हा मार्ग खुला आहे. खासगी बिल्डरविरुद्ध तो सहसा मिळत नाही. तिथे भाड्याची मागणी भरपाईच्या अर्जातच स्पष्ट आकड्याने करावी लागते, भाडेकरार आणि बँकेचे उतारे जोडून. मोघम ‘योग्य ती भरपाई’ मागणाऱ्याला मोघमच मिळते.

फौजदारी मार्गाने पैसा येत नाही, पण काही वेळा बिल्डर बोलणीला येतो तो त्यामुळेच. भारतीय न्याय संहितेचे कलम २९० बांधकामातील निष्काळजीपणाला लागू होते. जुन्या दंडसंहितेत तत्सम कलम इमारत पाडणे आणि दुरुस्त करणे एवढ्यापुरतेच होते, ‘बांधणे’ हा शब्द आता जोडला गेला. शिक्षा मात्र सहा महिन्यांपलीकडे जात नाही. मृत्यू झाला तर कलम १०६, किंवा जाणीवपूर्वक केल्याचे दिसले तर कलम १०५ लागू शकते.

विकासक दिवाळखोरीत गेला तर सर्व दावे स्थगित होतात. अशा वेळी सदनिकाधारकांना वित्तीय धनकोचा दर्जा असतो. सार्वजनिक सूचनेनंतर ठराविक मुदतीत दावा दाखल करावा लागतो.

या सगळ्यातून संस्थेला दुरुस्ती किंवा रक्कम मिळाली तरी एक प्रश्न उरतो: इमारत पाडावीच लागली तर जमीन कोणाची? अभिहस्तांतरण झालेले नसेल तर महसुली नोंदीत जमीन अजून बिल्डरची किंवा मूळ मालकाची असते, आणि मलब्याखालच्या भूखंडावर पुन्हा बांधायला त्याचीच सही लागते. मोफाच्या कलम ११ मध्ये यावर मानीव अभिहस्तांतरणाचा उपाय आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा असतो आणि सहा महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. त्यासाठी इमारत धोकादायक ठरण्याची वाट पाहावी लागत नाही.