माउझरच्या नळीवरचे इंग्रजी आटे

१/
रायफलींचा इतिहास बहुधा कॅलिबर, पल्ला आणि लढाया यांच्या भाषेत सांगितला जातो. बोल्ट-ॲक्शन रायफलीचा एक भाग मात्र सैनिकाच्या नजरेस सहसा पडत नाही: नळीच्या मागच्या टोकावर कापलेले आटे. त्यांच्याच आधाराने नळी रिसीव्हरमध्ये घट्ट बसते. हा धागा त्या आट्यांविषयी आणि त्यांत दडलेल्या एका विसंगतीविषयी आहे.

२/
जर्मन सैन्याने ५ एप्रिल १८९८ रोजी माउझरची ‘गेवेर ९८’ स्वीकारली. जर्मनीत १८७२ पासून मेट्रिक मापे सक्तीची होती. या रायफलीचे काडतूसही ७.९२ मिमीचे म्हणून ओळखले जाते. परंतु नळीच्या आट्यांचा व्यास १.१०० इंच, दर इंचाला आटे १२ आणि आट्याचा कोन ५५ अंश! मिलिमीटरमध्ये हाच व्यास २७.९४ होतो आणि लगतच्या दोन आट्यांतील अंतर सुमारे २.११७. मेट्रिक मोजपट्टी हाती असलेला माणूस असे अडनिडे आकडे आपण होऊन निवडणार नाही.

३/
५५ अंशांचा कोन ही जोसेफ व्हिटवर्थची ओळख. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे ताडून पाहिली आणि १८४१ मध्ये सर्वांना चालेल अशी एकच पद्धत मांडली. तो पूर्वी हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात काम करीत असे. अचूक आटे कापणारा लेथ सन १८०० च्या सुमारास सिद्ध करणारा तोच हा मॉडस्ले.

४/
लेथवर काम फिरते आणि हत्यार त्याच्या कडेने सरकते. ते किती सरकावे, हे यंत्राचा मुख्य स्क्रू आणि त्याला जोडलेली दातेरी चाके ठरवतात. स्क्रू इंचाचा असेल, तर इंचाचे आटे सहज निघतात. त्याच यंत्रावर नेमके मेट्रिक आटे कापायचे, तर १२७ दातांचे चाक लागते, कारण ५ इंच म्हणजे १२७ मिमी. थोडक्यात, यंत्रासोबत त्याचे मापही कारखान्यात येते.

५/
इंग्रजी यंत्रांबरोबर व्हिटवर्थचे आटे जर्मन कारखान्यांत रुळले होते. प्रशियाच्या शस्त्रागारांनी १८७० च्या दशकात यंत्रे मागवली, तीही इंचाच्या देशातून, अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीकडून. शिवाय मेट्रिक आट्यांचे सर्वमान्य प्रमाण तेव्हा नव्हतेच. ते झुरिचच्या परिषदेत ठरले ऑक्टोबर १८९८ मध्ये, म्हणजे गेवेर ९८ स्वीकारल्यानंतर सहा महिन्यांनी.

६/
मग नंतर ते बदलले का नाहीत? कारण इथे चुकीला जागा फार थोडी असते. दर इंचाला १२ आटे असतील, तर नळीच्या एका फेऱ्याला ती सुमारे २.१ मिमी आत सरकते. पाव फेऱ्याला अर्धा मिमी. तेवढ्याने काडतुसाची बैठक बिघडते आणि नळीवरची माशी वर राहण्याऐवजी कडेला वळते. म्हणून आट्यांचे माप बदलायचे, तर हत्यारे, गेज आणि राखीव नळ्या सारेच बदलावे लागते.

७/
अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. स्प्रिंगफिल्ड १९०३ मध्ये माउझरची रचना इतकी उतरली की अमेरिकी सरकारला माउझर कंपनीस स्वामित्वधन द्यावे लागले. आटे मात्र अमेरिकेने स्वतःचेच ठेवले: चौकोनी, दर इंचाला १०. रचना उसनी असूनही एकीची नळी दुसरीत बसत नाही.

८/
ब्रिटिशांच्या ली-एनफिल्डच्या नळीवर दर इंचाला १४ आटे, कोन ५५ अंशच. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कूट येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. त्यांच्या हाती ली-एनफिल्ड, तर समोरच्या उस्मानी सैन्याकडे प्रामुख्याने माउझर. परस्परांवर रोखलेल्या या नळ्यांचे आटे एकाच माणसाने घालून दिलेल्या कोनात कापलेले होते.

९/
शत्रूंचे आटे असे जुळले. मित्रांचे जुळले नाहीत. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन सुचवला आणि तो तिथे रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बोल्ट अमेरिकी नटात बसेनात, दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा मोठा खोळंबा झाला. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी सामाईक पद्धत मान्य केली. कोन ठरला ६० अंश. व्हिटवर्थचा कोन त्याच्याच देशाने सोडला.

१०/
तरीही तो नाहीसा झालेला नाही. भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारून सहा दशके उलटली, पण प्लंबर आजही ‘अर्धा इंची’ नळच मागतो. त्या नळाच्या आट्यांचा कोन ५५ अंश आणि दर इंचाला आटे १४, ली-एनफिल्डच्या नळीइतकेच. ‘अस्सल जर्मन’ किंवा ‘अस्सल ब्रिटिश’ म्हणून एखादे शस्त्र मिरवले जाते, तेव्हा त्याची नळी उलगडून आटे मोजावेत. छापावर देशाचे नाव असते; आट्यांत ते बनवणाऱ्या यंत्रांची वंशावळ असते.