पाडलेला बैल

सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. गावातले एक पेंटर पायीच येतात. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि भाद्रपदी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्यात त्यांची तीसेक वर्षं गेली. बाजारात ते नेहमी रेंगाळतात ते बैलांच्या खुरांना पत्री मारणाऱ्यापाशी.

नोव्हेंबर २०२३ मध्ये भाच्याने त्यांना मुंबईला नेलं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई' पहिल्यांदाच भरली होती. पन्नासेक गॅलऱ्या, थंडगार मांडव. चित्राशेजारच्या चिठ्ठीवर नाव, साल, माध्यम, माप सगळं. किंमत मात्र विचारावी लागायची. पेंटरांना त्याचं नवल वाटलं नाही. जुने व्यापारी उपरण्याखाली बोटं दाबूनच बैलाचा भाव करायचे. चारचौघांत आकडा बोलायचा नसतो.

एका दालनात तैलरंगाचा बोटभर जाड थर पाहून त्यांना पहिला प्रश्न पडला, हा वाळायला किती दिवस लागले असतील? पुढे एका सपाट निळ्या रंगाच्या कडेसमोर ते बराच वेळ उभे राहिले. कड पट्टी न लावता, हातानेच ओढलेली होती. शिंगावरही पट्टी चालत नाही. आधी शिंग साळून गुळगुळीत करायचं, मग वळणावरून रेघ न्यायची. पूर्वी हिंगूळ असे, आता डब्यातला ऑइल पेंट. वर बेगड, टोकाला शेंब्या.

पण त्या दिवशी सगळ्यात आवडलेलं चित्र भिंतीवर नव्हतंच. ते टेबलावर चाळायला ठेवलेल्या एका जाडजूड पुस्तकात होतं. चित्रकार तय्यब मेहतांचा पाय बांधलेला बैल, १९५६ सालचा. जे. जे.त शिकलेल्या मेहतांचा या बैलाने पुढेही पिच्छा सोडला नाही. १९७० च्या 'कूडल' या लघुपटासाठी ते कॅमेरा घेऊन वांद्र्याच्या कत्तलखान्यात गेले. जाणकार त्या बैलात फाळणीची हिंसा वाचतात.

"मामा, हा कत्तलखान्यातला आहे," भाचा म्हणाला.

"असेल. पत्री मारतानाही असाच पाडतात रे."

पायांत दोर गुंतवून बैल कुशीवर आडवा करायचा, चारी पाय एकत्र जखडायचे, एकाने मान दाबून धरायची. खूर दुभंगलेला, म्हणून पायाला दोन, अशा आठ पत्र्या. सुरुवातीला बैल धडपडतो, मग सगळं बळ मानेत येऊन थांबतं. पेंटरांचं म्हणणं, चित्रात ती मान बरोबर आहे. बाकी अंग मोडून-तोडून काढलं असलं तरी वजन जमिनीला टेकलंय. एवढं जमलेलं दुसरं चित्र त्यांना त्या मांडवात सापडलं नाही. (हे मत जरा एककल्ली आहे, पण बैलाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद कोण घालणार?)

एप्रिल २०२५ मध्ये मेहतांचा तो बैल लिलावात ६१.८० कोटींना गेला. बेल्ह्यात शर्यतीचा खोंड लाखांत गेला तरी गाव चार दिवस बोलतं. पेंटरांनी बाजारात बातमी सांगितली, तर एका व्यापाऱ्याने शांतपणे विचारलं, "दाती किती आहे?"

त्याच सोमवारी त्यांनी खिशातल्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने समोर पाडलेला बैल काढायला घेतला. दोर उतरला, एक खूर उतरला. मानेपाशी आले तोवर आठवी पत्री बसली होती, आणि बैल उठून अंग झटकत होता.