ताईचा नंबर

मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकाशी माझा संबंध मोबाईलपुरता. तरी यंदा कुतूहलापोटी, सरांची परवानगी घेऊन, मी संगणक विभागाच्या एका वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. विषय ‘ऑपरेटिंग सिस्टीम आणि समांतर प्रोग्रॅमिंग’. नावानेच छाती दडपली. पण सर शिकवू लागले आणि मला आमच्या विचुंब्याची भातलावणी आठवली.

एकट्याने कधी उरकणार नाही ते शेत दहा माणसे ओळीने वाकून उरकतात. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तयार झालेला ‘परम ८०००’ याच न्यायाने चाले. एकच काम अनेक प्रोसेसर वाटून घेत. मात्र सगळेच काम वाटता येत नाही. राबातले रोप लावणीजोगे व्हायला तीनेक आठवडे लागतातच. तेथे शंभर माणसे उभी केली तरी दिवस घटत नाहीत. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली हेच मांडले होते.

एके दिवशी सरांनी ‘स्टार्व्हेशन’ शिकवले. प्रोसेसर एक, कामे अनेक. आधी कोणाला घ्यायचे ते ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. महत्त्वाची कामे येतच राहिली, तर कमी महत्त्वाचे ठरलेले काम रांगेत उपाशी राहते. अमेरिकेत एमआयटीचा एक संगणक १९७३ साली बंद केला, तेव्हा १९६७ साली दिलेले एक काम सुरूच न होता पडून होते, अशी आख्यायिका सरांनी सांगितली. वर्ग हसला. मला मात्र ताई आठवली.

ताईची शाळा नववीनंतर सुटली. आई आजारी होती. ‘पुढच्या वर्षी बघू,’ बाबा म्हणाले. पुढे माझी फी आली, माझा क्लास आला, माझे कॉलेज आले. ताईला ‘नाही’ असे कोणीच म्हटले नाही. फक्त तिचा नंबर लागला नाही. आणि घरातला पहिला कॉलेजात जाणारा म्हणून मी गावभर मिरवत राहिलो!

सरांनी उपायही सांगितला: ‘एजिंग’. जे काम जितके थांबेल, तितके त्याचे महत्त्व वाढवत न्यायचे.

त्या रात्री मी ताईला म्हटले, ‘सतरा नंबरचा फॉर्म भरू. बाहेरून दहावीला बस.’ भाकरी थापता थापता ती म्हणाली, ‘आता काय रे? सात वर्षं झाली.’

‘म्हणूनच,’ मी म्हणालो.

फॉर्म भरला आहे. भांडी आता माझ्याकडे आहेत. बीजगणित दोघांनाही जड जाते. वाचकहो, तुमच्याही घरात असे कोणी रांगेत उभे नाही ना? एकदा मागे वळून पाहा.