फरारबाईंच्या नगरात

जोतीराव फुल्यांच्या मुलींच्या शाळेचा उगम पुण्याच्या पेठांत शोधण्यापूर्वी नगरास जाऊन यावे, असे एका स्नेह्याने बोलता बोलता सुनावले. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' प्रथम वाचली तेव्हापासून त्या शहराविषयी जी ओढ मनात दबून राहिली होती, ती या एका वाक्याने अशी उसळली की, हातची कामे तशीच टाकून मी एस.टी.ने नगरचा रस्ता धरला.

माळीवाड्याजवळच्या लॉजमध्ये 'चोवीस तास गरम पाणी' अशी ठसठशीत पाटी होती. पण ते पाणी पहाटे साडेसहाच्या आत संपते, हे पोऱ्याने दुसऱ्या दिवशी सात वाजता सांगितले. त्या चिडचिडीतच भुईकोट किल्ल्याला बाहेरून वळसा घातला आणि चांदबीबीचा महाल म्हणून दाखवली जाणारी सलाबतखानाची कबर रस्त्यावरूनच पाहिली. निजामशाहीच्या वैभवावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझे चित्त एका शिक्षिकेकडे लागले होते.

1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारला त्यांचे येणेच खपत नव्हते. परत पाठवणीचे हुकूम निघाले, अर्ज-विनंत्या झाल्या आणि गव्हर्नर नेपियन यांच्या सौम्यपणामुळे अखेर त्यांना राहता आले. याच अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणे घातले. सिंथिया फरार ही अविवाहित बाई 1827 च्या अखेरीस मुंबईस आली होती. 1839 मध्ये ती नगरास आली आणि 1862 साली येथेच वारली. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी दिली तर घरावर अरिष्ट येते असे शहाणीसुरती माणसेही मानीत, त्या काळी परक्या मुलुखातली, परक्या भाषेत अडखळणारी एक बाई नगरच्या गल्ल्यांतून मुली गोळा करीत होती. मित्र गोवंडे यांच्यासमवेत फुले तिच्या शाळा पाहून गेले, आणि 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी आपली शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे गिरवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

येथेच माझे मार्गदर्शक, इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक, उखडले. "अहो, शाळा हे निमित्त; खरा मतलब बाप्तिस्म्याचा," असे म्हणून त्यांनी 1899-1900 च्या दुष्काळाचा दाखला काढला, जेव्हा मिशनने शेकडो अनाथ पोरे पोसली आणि ती पुढे ख्रिस्ती झाली. या दाखल्यापुढे मला क्षणभर उत्तर सुचेना. उपाशी पोराला भाकरीबरोबर दिलेला धर्म त्याने निवडला, असे म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. परंतु हेतू मिशनच्या हाती होता, फळ नव्हते. फुल्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. 1873 साली त्यांनी आपला सत्यशोधक समाज काढला. आणि मिशनच्या कामाचे सर्वांत मोठे पीक चर्चच्या कोणत्याही दप्तरात नोंदले गेले नाही, हे मी प्राध्यापकांना पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

रविवार होता. सकाळी वडाळ्याचे जुने मिशन पाहायचे ठरले होते. पण वाटेत एका चर्चमधून पेटी-तबल्याचे सूर आले आणि मी आत शिरलो तो उपासना संपेपर्यंत हललो नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने आपले 'उपासना संगीत' माझ्याकडे सरकवले: तपकिरी कागदाचे वेष्टन, पुठ्ठा निखळू नये म्हणून गोणपाटाच्या सुतळीने घातलेले टाके, आणि अंगठ्याने काळवंडलेले कोपरे, मात्र त्याला स्वतःला पुस्तकाची गरजच नव्हती, कारण लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांचे पद तो डोळे मिटून म्हणत होता. त्याच्या चालीत परकेपणाचा लवलेश नव्हता. कृष्णराव सांगळे यांनी गेल्या शतकाच्याही आधी याच भागात ख्रिस्ती कीर्तन उभे केले, ते परक्या धर्माला मराठी कानापर्यंत पोहोचवण्यासाठी. टिळकांनी ते काम पुढे नेले. गंमत अशी की, ज्या मिशनमध्ये 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच मिशनच्या जस्टिन ॲबट यांनी पुढे आमच्या संतांची चरित्रे इंग्रजीत नेली. म्हणजे वाहतूक दोन्ही बाजूंनी होती.

पायऱ्यांवर प्राध्यापक वाट पाहत उभे होते. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत, असे त्यांनी योजले होते, हे मी सांगताच ते उद्गारले, "म्हणजे चर्चचे दार उघडायला त्यांना चर्चची चाकरी सोडावी लागली!"

"सोडावी लागली," मी म्हणालो, "पण आत चाललेले गाणे कोणाचे, ते ऐकलेत ना?"

वडाळ्याची गाडी एव्हाना निघून गेली होती. प्राध्यापकांनी दुष्काळातल्या अनाथांचा विषय पुन्हा उकरला, आणि आम्ही समोरच्या हॉटेलात चहा सांगितला.